रिमांचा रंग आणि एक पावसाळा : गोव्यातील पावडर कोटिंगचा अनुभव

आमच्या पिकअपला कंपनीतून आलेल्या चंदेरी अलॉय रिमांवर गेल्या एप्रिलमध्ये ब्रॉन्झ रंगाचे पावडर कोटिंग करून घेतले. हे काम म्हापशाच्या आसपासच्या एका औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्यात झाले. तेव्हाच परीक्षण लिहिले असते, तर ते निव्वळ कौतुक झाले असते, कारण भट्टीतून नुकतीच निघालेली रिम कोणाचीही असो, देखणीच दिसते. म्हणून मुद्दाम पावसाळा जाऊ दिला, आणि आता नोव्हेंबरात चाके काढून, आतून-बाहेरून धुऊन, नीट पाहून लिहीत आहे. कारखान्याचे नाव देत नाही. एका चुकीवरून आणि बिलावरून आमचे थोडे बिनसले, ते पुढे येईलच. पण काम मनापासून करणाऱ्या माणसाच्या पोटावर तेवढ्यासाठी पाय येऊ नये असे मला वाटते. वाचकाला कारखान्याच्या नावापेक्षा तिथे काय विचारायचे आणि काय तपासून घ्यायचे, हेच अधिक उपयोगी पडेल.

गाडी डबल कॅब, चाके सहा नटांची, टायरचे माप २५५/६० आर १८. घर मांद्र्याला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, आणि काजू-सुपारीची बागायत वाळपईच्या पलीकडे. त्यामुळे चोपडे-शिवोलीचा पूल, म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, होंडा असा फेरा आठवड्यातून तीनदा तरी ठरलेला असतो. एका टोकाला खारा वारा आणि दुसऱ्या टोकाला तांबडी धूळ, असे या चाकांचे आयुष्य आहे. त्यात मावसभावाचा मासळीचा व्यवसाय असल्याने हंगामात त्याच्या बर्फाच्या पेट्या अधूनमधून म्हापशाच्या बाजारात पोचवाव्या लागतात. पेट्यांतले बर्फ वितळले की ते खारट पाणी हौद्याच्या कोपऱ्यांतील भोकांतून खाली उतरते आणि मागच्या चाकांवर ठिबकत राहते. पुढच्या रिमा तीन वर्षांनीही बऱ्या दिसत असताना मागच्या दोन्ही विटून गेल्या, याचे कारण मला बरेच उशिरा उमगले.

विटणे म्हणजे नेमके काय झाले होते, ते सांगायला हवे. अलॉय रिम ॲल्युमिनियमची असल्याने तिला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. खडीचा एखादा कण उडून पारदर्शक लॅकरला बारीकसा टवका जातो, त्यातून दमट हवा आणि क्षार आत शिरतात, आणि मग लॅकरखाली पांढरट, दोऱ्यासारख्या बारीक नागमोडी रेघा पसरू लागतात. लाकडावर वाळवीने काढलेल्या नक्षीसारखे ते दिसते. वरून बोट फिरवले तर हाताला काही लागत नाही, पण नखाने उचकटले की लॅकरचा पापुद्रा सुटून येतो. माझ्या बाबतीत यात माझाही हातभार होता. गाडी धुणाऱ्या केंद्रात ब्रेकची काळी पूड लवकर निघावी म्हणून पातळ केलेले ॲसिड मारून घेत असे आणि चाके लखलखीत झाली की खूश होऊन घरी येत असे. ज्या ॲसिडने ब्रेकची पूड सुटते, त्याने टवक्याखालचे उघडे ॲल्युमिनियमही खाल्ले जाते, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पहिला इलाज मी घरीच करून पाहिला. काळ्या रंगाचे दोन स्प्रे कॅन आणले, रिमा साबणाने धुतल्या, टायरला कागद चिकटवले आणि रविवारच्या एका दुपारी मागची दोन्ही चाके काळी केली. जुने लॅकर घासून खडबडीत केले नव्हते आणि प्रायमरही दिला नव्हता, त्यामुळे पुढच्याच धुण्यात प्रेशरच्या पाण्याने रंगाचे कपटे उडाले आणि आधी नुसत्या विटक्या असलेल्या रिमा आता कोड आल्यासारख्या दिसू लागल्या. काकांनी ‘हौसेला मोल नाही’ एवढेच म्हटले आणि विषय सोडून दिला.

त्यानंतर चौकशी केली तेव्हा खरे पर्याय दोनच दिसले. गॅरेजवाले ज्याला सरसकट ड्यूको म्हणतात तो ओला रंग, म्हणजे हल्लीच्या भाषेत दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) पेंट, हा एक. आणि पावडर कोटिंग हा दुसरा. ओल्या रंगाला भट्टी लागत नाही, हवी ती छटा मिसळून मिळते आणि टवका गेला तर तेवढाच भाग पुन्हा रंगवता येतो, हे त्याचे मोठे गुण आहेत. पावडर कोटिंगमध्ये कोरडी पूड विद्युतभार देऊन धातूवर बसवतात आणि भट्टीत वितळवून पक्की करतात. हा थर जाड आणि चिवट होतो, खडीचा मार अधिक सोसतो, परंतु एकदा बिघडला तर ठिगळ लावण्याची सोय फारशी नसते, सगळे उतरवून पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. वाळपईच्या रस्त्यावर उडणारी खडी डोळ्यांसमोर ठेवून मी पावडरच्या बाजूने कौल दिला. ज्यांच्या रिमांचा दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत ठेवलेला असतो, त्यांनी मात्र आधी विचार करावा, कारण कोटिंगसाठी सगळे उतरवले की ती चकाकी जाते आणि पुन्हा हवी असेल तर रिम परत लेथवर चढवावी लागते.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. एका बाजूला खिडक्यांच्या ग्रिल आणि फाटकांचे ढीग, कारण धंदा मुख्यतः त्यांच्यावरच चालतो. दुसऱ्या बाजूला माणूस उभा राहील एवढी विजेची भट्टी, आणि मधे पावडर मारण्याचा बूथ. मालक पन्नाशीचे, बार्देशातलेच. मी खिशातून मोबाइल काढून हव्या त्या रंगाचे फोटो दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. “भाई, रंग कुठला तो शेवटी सांगा. आधी या रिमा कुठे कुठे फिरतात ते सांगा,” असे ते म्हणाले. मासळीच्या पेट्यांचे ऐकल्यावर त्यांनी मागची एक रिम उलटी केली, तारांच्या ब्रशने मागची बाजू खरवडली आणि पांढरी भुकटी बोटावर घेऊन मला दाखवली. ग्राहकाला रंगाआधी रोग दाखवणारा कारागीर मला आवडतो. तिथेच मी काम द्यायचे ठरवले.

कामाची पहिली पायरी म्हणजे जुना थर पूर्ण उतरवणे, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव तिथेच आहे. इथे आधी रासायनिक स्ट्रिपर लावून लॅकर आणि रंग फुगवून काढला गेला, आणि त्यानंतर बारीक दाण्याच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने कमी दाबावर ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या झोताने दाणे मारून घासणे, झाले. ग्रिलसाठी वापरतात तोच भरड माल, तोच दाब अलॉयवर वापरला, तर मऊ ॲल्युमिनियमवर खड्डे पडतात आणि ते पुढे रंगातूनही जाणवतात. म्हणून ‘ब्लास्टिंग करता का’ एवढे विचारून भागत नाही, कशाने करता हेही विचारावे. या शेडमध्ये रेती वापरत नाहीत, ही जमेची बाजू. रेतीच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तरीही ब्लास्टिंग करणाऱ्या मुलाच्या तोंडावर मी गेलो तेव्हा नुसता रुमाल होता, आणि मालकांकडे तो विषय काढल्यावर मास्क आहे पण उकाड्यात ही मुले घालत नाहीत, असे उत्तर मिळाले. ते मला पटले नाही.

दुसरी पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. ओतीव ॲल्युमिनियममध्ये डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात आणि त्यांत हवा, ओलावा, तेलाचे अंश अडकलेले असतात. वर पावडर मारून रिम थेट भट्टीत घातली, की तापल्यावर हे सगळे बाहेर पडू पाहते, आणि वितळत्या थरातून बुडबुडे फुटून टाचणीने टोचल्यासारखी भोके राहतात. म्हणून रिकामी रिम आधी एकदा, पुढे जितकी तापवायची त्याहून थोडी अधिक तापवून घेतात, म्हणजे आतला वायू पावडर बसण्याआधीच निघून जातो. आमच्या चारही रिमा अशा भाजून घेतल्या गेल्या. मी जवळून पाहिले तेव्हा एका रिमेच्या दोन आऱ्यांच्या बेचक्यात तेलाचा तपकिरी डाग वर आलेला दिसला. ती रिम पुन्हा धुऊन, पुन्हा तापवली गेली.

भट्टीच्या तापमानाबद्दल मला थोडी धास्ती होती. बाहेरच्या वापरासाठीची पॉलिएस्टर पावडर साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सियसला दहा ते वीस मिनिटांत पक्की होते, पण हे तापमान धातूचे मोजायचे असते, भट्टीतल्या हवेचे नव्हे. पातळ ग्रिल चटकन तापते आणि जाड रिम सावकाश. ग्रिलच्या हिशेबाने घड्याळ लावले तर रिमेवरचा थर कच्चा राहतो आणि पुढे टिकल्या टिकल्यांनी निघतो. उलट बाजूने पाहिले, तर अलॉय रिमेला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊनच ताकद आणलेली असते, आणि ती फार जास्त तापमानाला फार वेळ ठेवली तर ती ताकद उतरू लागते. म्हणूनच गॅसच्या ज्योतीने रंग जाळून काढणाऱ्याकडे अलॉय कधीही देऊ नये. या कारखान्यात रिमेला तारेचा सेन्सर लावून धातूचे तापमान पाहिले गेले आणि मीटरवरचे आकडे मला न मागता दाखवले गेले.

पावडर मारण्याचे काम पाहण्यासारखे असते. रिम साखळीला टांगलेली, तिला अर्थिंग दिलेले, आणि बंदुकीतून निघालेला पुडीचा धुरळा वळून मागच्या बाजूलाही जाऊन चिकटतो. मात्र खोल बेचक्यांत आणि नटांच्या खळग्यांत तो जायला तयार नसतो, कारण भार कडांवर एकवटतो आणि पूड तिथेच ओढली जाते. अशा जागी व्होल्टेज कमी करून, हवा मंद करून, कारागिराला मनगट फिरवत पूड घालावी लागते. पहिल्या दोन रिमांत आऱ्यांच्या मुळाशी ब्रॉन्झ रंगातून खालचा करडा इपॉक्सी प्रायमर दिसत होता. मी बोट ठेवल्यावर मिस्त्रींनी ट्यूबलाइट जवळ आणून पाहिले, मान हलवली आणि दोन्ही रिमा पुन्हा बूथमध्ये टांगल्या. प्रायमर इपॉक्सीचाच हवा, कारण गंजाला तो अडवतो. पण वरचा थर इपॉक्सीचा चालत नाही, उन्हात त्याची खडूसारखी पूड होते. गोव्याच्या उन्हात तर फारच लवकर.

आता रंगाविषयी. मी मनात काळा धरून गेलो होतो, कारण पांढऱ्या पिकअपला काळी चाके शोभतात असे सर्वांचेच म्हणणे असते. मालकांनी भिंतीवरचे शेडकार्ड काढून दिले. त्यात आरएएल या रंगांच्या प्रमाणित यादीतल्या क्रमांकांचे ठरीव रंग होते, ९००५ म्हणजे गर्द काळा, ७०१६ म्हणजे अँथ्रासाइट करडा, आणि त्याशिवाय पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या मेटॅलिक छटा होत्या. त्यांनी मला बाहेर त्यांच्याच गाडीपाशी नेले. तिची चाके काळी होती आणि नटांभोवती, आऱ्यांच्या कडांना तांबड्या धुळीची किनार बसली होती. “धुतल्यावर अर्धा तास काळी, मग आठवडाभर तांबडी,” असे ते हसत म्हणाले. जांभ्याच्या धुळीचा आपला एक तपकिरी-तांबूस रंग आहे. त्याच्या जवळचा रंग चाकाला दिला तर धूळ बसते तशीच बसते, पण डोळ्यांना खुपत नाही. म्हणून अर्धवट मॅट ब्रॉन्झ ठरवला. पुढचे सहा महिने पाहता हा निर्णय बरोबर ठरला. वाळपईहून आल्यावर पूर्वी चाके लगेच धुवावीशी वाटत, आता दोन-तीन फेऱ्या तशाच चालून जातात, आणि काकांनाही, तोंडाने कबूल करत नसले तरी, चाके आवडली आहेत. मात्र ब्रॉन्झमध्ये धातूचे बारीक कण असतात आणि ते उघडे राहिले तर खाऱ्या हवेत व साबणाच्या तिखट पाण्याने काळवंडतात, त्यामुळे वर पारदर्शक थर द्यावाच लागतो. साध्या काळ्याला किंवा करड्याला त्याची तशी गरज नसते. बिलातली कटकट इथूनच सुरू झाली.

चार दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम नवव्या दिवशी मिळाले. पाच दिवसांच्या उशिरापैकी एक दिवस मी परत टांगायला लावलेल्या रिमांचा, आणि दोन दिवस विजेचे. भट्टी चालू असताना वीज गेली, एक रिम अर्धी भाजलेली राहिली, आणि अशी रिम पुन्हा नुसती तापवण्याची जोखीम नको म्हणून मालकांनी ती उतरवून नव्याने केली. हे त्यांनी स्वतः फोन करून सांगितले. न सांगता तशीच दिली असती तर मला कळलेही नसते. उरलेले दोन दिवस कशात गेले ते त्यांनी सांगितले नाही.

या काळात गाडी अंगणात चाकांविना उभी होती. काकांनी नेहमीप्रमाणे चार चिरे रचून त्यावर गाडी टेकवण्याचा बेत केला होता आणि मी तो हाणून पाडला. घराच्या भिंतीत चिरा शंभर वर्षे उभा राहतो, पण ॲक्सलच्या एका बिंदूवर सगळा भार आला की तो भुसभुशीत होऊन कधी फुटेल याचा नेम नसतो. ओळखीच्या गॅरेजमधून चार लोखंडी स्टँड आणले. ज्यांच्याकडे दुसरी गाडी नाही त्यांनी दोन-दोन रिमा देण्याचा विचार करू नये, कारण पावडरच्या दोन वेगवेगळ्या खेपांत मेटॅलिक छटा किंचित वेगळी येऊ शकते.

ताब्यात घेताना मालकांनी थर मोजण्याचे यंत्र लावून दाखवले. दर्शनी भागावर तिन्ही थर मिळून १७० ते १९० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), बेचक्यांत ११० च्या आसपास. टायरची कड जिथे बसते तिथे थर पातळ ठेवायला मी सांगितले होते, कारण तिथे जाड किंवा खडबडीत झाले की हवा हळूहळू सुटत राहते. ते त्यांनी पाळले होते. सोबत भाजलेल्या एका पट्टीवर ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून, चिकटपट्टी लावून ओढून दाखवली. एकही चौकट सुटली नाही. हे सगळे इतके नीट चालले होते की मी नटांचे खळगे तपासायला विसरलो.

चूक तिथेच झाली होती. चाकाचा नट ज्या निमुळत्या खळग्यात टेकतो, त्या खळग्यात पावडर जाता कामा नये. भाजण्याआधी तिथे सिलिकॉनची बुचे बसवतात. नट आणि धातू यांच्यामध्ये रंगाचा थर राहिला तर कसताना पाना बरोबर टॉर्क, म्हणजे कसण्याचा जोर, दाखवतो, परंतु चाक फिरू लागल्यावर, तापल्यावर तो थर दबतो, पसरतो, आणि नटाची पकड तेवढी सैल होते. तीन रिमांत बुचे नीट बसवलेली होती. वीज गेल्यामुळे पुन्हा केलेल्या चौथ्या रिमेत, बहुधा घाईत, सहापैकी दोन भोकांत ती बसवलीच गेली नव्हती. चाके चढवून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी वाळपईला पोचल्यावर सवयीप्रमाणे, ठरलेला जोर आला की खट् वाजणारा टॉर्कचा पाना लावला. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट खट् आवाज येण्याआधी चांगले पाव फेरा फिरले. बाकीचे बावीस जागच्या जागी. त्यातला एक नट काढून आत पाहिले तर खळग्यात ब्रॉन्झ रंगाची, दाबून चकचकीत झालेली एक गोल वळी होती आणि तिच्या कडेला रंगाचा बारीक गाळ निघालेला होता.

घाबरण्याइतके काही झाले नव्हते, पण पाना लावण्याची सवय नसती तर काय झाले असते हा विचार परतीच्या संपूर्ण रस्त्यात मनात होता. डिचोलीपर्यंत मी दोनदा थांबून नट पाहिले. कारखान्यात गेल्यावर मालकांनी वाद घातला नाही. स्ट्रिपरचा बोळा त्या दोन खळग्यांत ठेवून थर मऊ केला, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, आणि धातू उघडा झाल्यावर मगच नट बसवू दिला. मिस्त्रींना ते माझ्यासमोर बोलले नाहीत, हेही मला बरे वाटले. तरीसुद्धा ही चूक रंगातल्या उण्यादुण्यांत मोडत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पावडर कोटिंग केलेल्या रिमा घेताना प्रत्येक खळग्यात बोट घालून पाहावे, हबला (ज्यावर चाक बसते त्या मधल्या भागाला) टेकणारी मागची सपाट बाजूही तशीच पाहावी, आणि चाके चढवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्यावेत. त्यासाठी टॉर्क गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो तोच लावावा. पायाने पाना दाबून नट कसणाऱ्यांच्या हाती असे चाक देऊ नये.

दुसरा धडा टायरच्या दुकानात मिळाला, तो कारखान्याच्या माथी मारता येणार नाही. टायर चढवण्याच्या यंत्राचा लोखंडी जबडा रिमेच्या कडेला धरतो. प्लास्टिकची टोपी लावायला मी सांगितले, तरी एका चाकाला ती लावली गेली नाही आणि कडेला दोन बोटे लांबीचा ओरखडा आला. बॅलन्सिंगसाठी ठोकून बसवण्याची शिशाची वजने आणली होती, ती मात्र मी वेळीच थांबवली. ठोकलेल्या वजनाची पकड थर कापते आणि पुन्हा तिथूनच पांढरे दोरे सुरू होतात. आतल्या बाजूने चिकटवण्याची वजने लावायला सांगावे, आणि जुने व्हॉल्व्ह काढलेच आहेत तर नवेच घालावेत.

खर्चाचा हिशेब असा. अलॉयचा दर प्रत्येकी २,६०० रुपये, म्हणजे चार रिमांचे १०,४००; लोखंडी स्टेपनी काळी करण्याचे १,१००; आणि बिलावर अचानक उगवलेले पारदर्शक थराचे प्रत्येकी ४००, म्हणजे १,६००. कारखान्याचे एकूण १३,१०० झाले. टायर उतरवणे-चढवणे, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग यांचे आणखी २,१०० धरले तर सगळे मिळून १५,२००. या दर्जाच्या कामाला ही रक्कम मला जास्त वाटली नाही. खटकले ते १,६०० रुपये, कारण मेटॅलिक रंगाला वरचा थर लागतोच हे मालकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि दर सांगताना त्यांनी ते गाळले. ‘सगळ्यांना माहीत असते’ हे त्यांचे उत्तर होते. मला माहीत नव्हते. पैसे दिले, पण नाराजी बोलून दाखवूनच निघालो. लेखी हमीही मिळाली नाही. ‘काही झाले तर आणा’ हा तोंडी शब्द मिळाला, आणि नटाच्या प्रकरणात त्यांनी तो पाळला, एवढे नमूद करतो.

आता पावसाळ्यानंतरची स्थिती. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत चाके सतत चिखलात, आणि ऑगस्टपासून पुन्हा मासळीच्या पेट्या. चारही रिमा काढून पाहिल्या तेव्हा दर्शनी भागावर कुठेही फुगवटा किंवा पापुद्रा दिसला नाही, आणि पांढऱ्या दोऱ्यांची नक्षी पुन्हा उमटलेली नाही. मागच्या डाव्या रिमेच्या एका आरीला खडीचा टवका आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. पण तो करड्या प्रायमरपर्यंतच थांबला आहे, धातू उघडा पडलेला नाही, आणि त्याला मी पारदर्शक रंगाचा एक ठिपका लावून ठेवला आहे. टायरच्या दुकानात आलेल्या ओरखड्याची कड मात्र हलकीशी पांढरी पडू लागली आहे. आतल्या बाजूला ब्रेकची पूड बसते, पण साध्या शॅम्पूने आणि मऊ ब्रशने निघते. ॲसिडवाल्या केंद्राकडे मी एप्रिलनंतर फिरकलो नाही. चार चाकांपैकी एकाचीही हवा बसत नाही. रंग उन्हाने उतरला का, हे सांगायला सहा महिने अपुरे आहेत, तरी टायरखाली झाकलेल्या कडेचा आणि उघड्या आरीचा रंग शेजारी ठेवून पाहिला, तर मला तरी फरक दिसत नाही.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्या आणि गाडी खऱ्या अर्थाने राबवणाऱ्या माणसाला हे काम मी करून घ्यायला सांगेन. ज्यांच्या रिमा वाकलेल्या किंवा वेल्डिंग केलेल्या आहेत, त्यांनी आधी त्या तपासून घ्याव्यात. रंगाखाली तडा झाकला जातो, भरून येत नाही. केवळ शोभेसाठी वर्ष-दोन वर्षांनी रंग बदलण्याची हौस असेल, तर मात्र ओला रंग परवडतो, कारण दर वेळी रिम उतरवून भट्टीत घालणे तिच्याही हिताचे नाही. आणि पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत पूड गुठळ्या धरते, कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येते. आमच्या मालकांनी स्वतःच जुलैमध्ये माझ्या एका मित्राला परत पाठवून नोव्हेंबरात यायला सांगितले.

राहता राहिली स्टेपनी. तिच्याकडे कोणी पाहत नाही म्हणून तिला वरचा थर दिला नव्हता, आणि गेल्या आठवड्यात हौद्याखालून उतरवली तेव्हा मधल्या भोकाभोवती, जिथे टांगण्याची पट्टी घासते, तिथे काळा रंग जाऊन लोखंडाला तांबडा गंज चढलेला दिसला. सध्या तिथे ग्रीस थापून ठेवले आहे. एप्रिलमध्ये ती एकटीच पुन्हा कारखान्यात जाईल, आणि तिचे पैसे त्या सोळाशेतून वळते करून घ्यायचे, असे मालकांनी फोनवर आपणहून सांगितले आहे.